सदतीस सह्या

१

गुरुवारी दुपारी एक वाजता गौरजाने विद्यार्थी परिषदेचं कपाट उघडलं, तेव्हा संमतीपत्रांची फाईल जागेवर नव्हती. कुलूप शाबूत होतं. खोलीची खिडकी आतून बंद होती. कपाटाच्या चाव्या दोनच. एक गौरजाकडे, एक प्राचार्यांकडे.

मला हे शुक्रवारी सकाळी कळलं. प्राचार्य गुरुप्रसाद सर स्वतः घरी आले. आमचं कॉलेज मालवणपासून बारा किलोमीटरवर, खाडीच्या काठाला. तिथे मी एकतीस वर्षं नोकरी केली, शेवटची नऊ मुख्य लिपिक म्हणून. सर मुंबईहून आले ते मी निवृत्त झाल्यावर. त्यामुळे त्यांची माझी ओळख नीरजामुळे. नीरजा माझी बायको. ती तिथे इतिहास शिकवायची आणि विद्यार्थी परिषदेचं काम तिच्याकडे होतं. सप्टेंबरात ती गेली. कर्करोग होता.

सर ओटीवर बसले. मी चहा केला. साखरेचा अंदाज मला अजून येत नाही. त्यांनी अर्धा कप तसाच ठेवला.

"भाई, हे बाहेर जायच्या आत मिटलं पाहिजे," ते म्हणाले. "सोमवारी विद्यापीठाची समिती येतेय. तोपर्यंत फाईल मिळाली नाही तर मला पोलिसांत तक्रार द्यावी लागेल. आणि चावी कुणाकडे होती ते त्यात लिहावं लागेल."

"म्हणजे गौरजाचं नाव."

"माझी चावी माझ्या खिशात होती. मग राहिलं कोण?"

गौरजा तिसऱ्या वर्षाला होती आणि परिषदेची सचिव होती. पोलीस भरतीत तिची निवड झाली होती. मैदान झालं, लेखी झाली. फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती. त्याच पोलिसांकडे तिच्या नावाने चोरीची तक्रार गेली असती तर दोन वर्षं पहाटे उठून रस्त्यावर धावलेली ती पोरगी घरी बसली असती.

"सह्यांची दुसरी प्रत नीरजाबाईंच्या कागदांत असेल का?" सरांनी विचारलं.

मी आत जाऊन पाहिलं. तिची पर्स खुंटीला तशीच होती. रुमाल, एसटीचा पास, गोळ्यांची रिकामी पट्टी, आणि रबर लावलेली सहा बॉलपेनं. प्रत नव्हती. पेनं पाहून मला थोडं नवल वाटलं. नीरजा आयुष्यभर एकाच शाईच्या पेनाने लिहायची. पोरांना वाटायला घेतली असतील असं मी धरून चाललो आणि पर्स परत खुंटीला लावली.

"प्रत नाही," मी म्हणालो. "पण मी येतो."

सर गेल्यावर मला वाटलं, नको होतं हो म्हणायला. नीरजा गेल्यापासून मी कॉलेजच्या फाटकातून आत गेलो नव्हतो.

२

आधी त्या फाईलचं सांगतो.

पूर्वी प्रवेश घेताना विद्यार्थी परिषदेचं शुल्क आपोआप कापलं जायचं. कुणी विचारत नसे, कुणी सांगत नसे. मग कायदा आला की असं शुल्क कुणावर सक्तीने लावता येणार नाही. विद्यापीठाने परिपत्रक काढलं. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने सही करून संमती द्यायची, आणि पंधरा जुलैपर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांची संमती आली तरच परिषद चालू ठेवायची. नाहीतर परिषद बंद, आणि तिच्या खोल्या कॉलेजकडे जमा.

आमच्याकडे परिषद म्हणजे मुख्यतः पेज. आतल्या गावांतली पोरं सहाची पहिली एसटी पकडून येतात, तेव्हा घरात चूल पेटलेली नसते. पहिल्या तासाला एकदा एक मुलगी चक्कर येऊन पडली, तेव्हा नीरजाने परिषदेकडून पेज सुरू केली. उकड्या तांदळाची पेज, लोणचं, कधी भाजलेला सुका बांगडा. साडेदहा ते साडेबारा. शिजवायला काशीबाई. याला आता अठरा वर्षं झाली.

यंदा संमती निम्म्याहून थोडीशी वर गेली. पेज टिकली. आणि मग नोव्हेंबरात दीपेश नावाच्या पोराने विद्यापीठाला पत्र लिहिलं की यातल्या सह्या खोट्या आहेत.

कॉलेजात गेल्यावर मी कपाट पाहिलं. गौरजाने गेलेल्या वस्तूंची यादी करून ठेवली होती. फाईल एक नव्हे, तीन गेल्या होत्या. संमतीपत्रांची, कबड्डी संघाची आणि तीन वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनाची.

"दिशाभूल करायला," सर म्हणाले. "चोर हुशार आहे."

उरलेल्या फाईली मी बाहेर काढल्या. सगळ्यांवर मोठ्या अक्षरांत नावं होती. सगळ्या तपकिरी होत्या.

"गेलेल्या तीन कुठल्या रंगाच्या होत्या?"

"हिरव्या," गौरजा म्हणाली. "तेवढ्याच तीन हिरव्या होत्या."

सरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मी ते कागदावर टिपून घेतलं.

दीपेश वाचनालयाच्या पायरीवर भेटला. वालावलचा पोरगा. बापाची थोडी भातशेती आणि काजूची झाडं.

"तक्रार तू केलंस मां?"

"व्हय, मीच केलंय. पण फाईल मी घेवक नाय. ती फाईल समितीपुढे येवची म्हणान मी पत्र लिवलंय. मीच ती चोरीन कित्याक? येवढो खुळो दिसतंय काय तुमका?"

ते खरं होतं. फाईल गेली तर त्याचंच नुकसान होतं.

"तुझी तक्रार नेमकी काय आसा?"

"माझ्या नावाचो कागद आसा थंय. चौदा जुलैचो. मी सही करूकच नाय."

"विसारलं आसशीत."

"सही कोण इसरता? त्या दिवशी मी हंय नाय होतंय."

"मस्टरात हजर आसस तू. सरांनी बघितलानी."

तो हसला. "मस्टराचा माका सांगू नकात भाई. ता तुमीच लिवतास."

"पेजेक तुझो विरोध कित्याक?"

"पेजेक विरोध कोणी केल्यान? मी रोज दोन वाडगे खातंय. काशीबायक विचारा, तिसरो देना नाय ती." मग त्याचं हसणं गेलं. "माका कोणी विचारूक नाय, भाई. विचारला असता तर मी सही दिली असती. येवढाच माझा म्हणणा."

मी उठलो. पायरीवरून उतरताना त्याने मागून विचारलं, "गौरजाचा नाव घालतले काय पोलिसात? तिणा काय केल्यान नाय, ह्या माका म्हायत आसा."

"तुका कसा म्हायत?"

"तिकाच विचारा, चौदा तारखेक ती खंय होती."

३

गौरजा परिषदेच्या खोलीत संमतीची नोंदवही घेऊन बसली होती. फाईल गेली तरी वही ऑफिसात होती, म्हणून वाचली. प्रत्येक संमतीपत्राचा क्रमांक, नाव आणि तारीख तिने त्यात उतरवली होती. शेवटच्या पानावर चौदा जुलैची सदतीस नावं होती. त्या दिवशी दुसरं एकही नाव नव्हतं. सदतीसही पोरं आतल्या गावांतली. ही सदतीस वजा केली तर संमती निम्म्याच्या खाली जात होती.

"गुरुवारी चावी कुठे होती?"

"बॅगेत, काका."

"आणि बॅग?"

"पेजेच्या खोलीत, बाकावर. साडेदहा ते साडेबारा मी वाढायला असते. बॅग तिथेच पडलेली असते. दोनशे पोरं येतात-जातात."

"संमतीपत्रं कुणी गोळा केली?"

"मीच."

"सगळी?"

"हो."

"ही सदतीससुद्धा?"

ती बॅगेची चेन उघडून परत लावत बसली. "हो. सगळी मीच."

"भरतीचं मैदान कधी झालं तुझं?"

"तेराला आणि चौदाला. पावसामुळे दोन दिवस लागले. ओरोसला."

मी वही तिच्याकडे फिरवली. चौदा जुलैच्या त्या पानाकडे तिने पाहिलं नाही.

"ओरोसला धावत होतीस, तर इथे सह्या कशा घेतल्यास?"

"घेतल्या."

"गौरजा, मी तुला अडकवायला आलो नाही. तू चौदाला इथे नव्हतीस, याचा कागद भरतीवाल्यांकडे आहे. तो दाखवला की सह्यांच्या भानगडीतून तू सुटतेस. मग मला खोटं का सांगतेस?"

तिने वही मिटली. बाहेर पेजेची भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"काका, तुम्ही हे शोधू नका," ती शेवटी म्हणाली. "माझं नाव आलं तर येऊ दे."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

"आईला काय सांगशील? बालवाडीत शिकवून तिने तुला इथवर आणलंय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एक पोरगी कुणाला तरी वाचवण्यासाठी आपली नोकरी सोडायला तयार होती. कुणाला, ते विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर खाली केली. मला ते आवडलं नाही. माणूस ज्याची कीव करतो त्याच्याकडे असं बघतो.

४

शनिवारी सरांनी जुलैचं मस्टर काढून ठेवलं होतं.

"हे बघा. चौदा जुलै, दीपेश हजर. बाकीचे छत्तीसही हजर. मुलगा खोटं बोलतोय."

"नाही सर," मी म्हणालो. "मस्टर खोटं बोलतंय."

त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून मला सांगावं लागलं. जुलैत आतल्या गावांत भाताची लावणी असते. तरवा, म्हणजे भाताची रोपं, वाढला की तो कॉलेजच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. घरातलं प्रत्येक माणूस शेतात उतरतं. ही पोरं आठवडाभर येत नाहीत. गैरहजेरी लावली तर परीक्षेला बसता येत नाही, आणि एकदा परीक्षा बुडाली की मुलगी परत येत नाही, तिचं लग्न लागतं. म्हणून आमच्याकडे त्या आठवड्यात आतल्या गावांच्या पोरांना हजर लावायचं. कुठे लिहिलेलं नाही. नवा शिक्षक आला की जुना त्याला कानात सांगायचा. एकतीस वर्षं मी त्या मस्टरांवर शिक्का मारला.

सर लाल झाले. "आणि मला कुणी बोललं नाही?"

"तुम्ही मुंबईचे. तुम्ही बंद कराल अशी भीती होती."

मग मी त्यांना दुसरं विचारलं. "पेजेची खोली तुम्हाला संगणक प्रयोगशाळेसाठी हवी होती ना?"

"हवी होती. अजूनही हवी आहे. म्हणून मी फाईल घालवली, असं म्हणायचंय? भाई, फाईल गेली तर पहिली माझी खुर्ची जाते. पेजेची खोली बंद करायला मला फाईल ठेवणं सोयीचं होतं."

तेही खरं होतं.

मी पंख्याखाली बसून विचार केला. ज्याने सह्या केल्या, त्याला लावणीची हजेरी ठाऊक होती. पोरं इथे नाहीत पण मस्टरात आहेत, म्हणून त्याने नेमकी तीच निवडली. कागदाला कागद जुळेल असा त्याचा हिशेब. एवढंच चुकलं की चौदा तारखेला आपण कुठल्या चिखलात उभे होतो ते पोरांना स्वतःला माहीत होतं. तर सरांना हजेरीची पद्धतच ठाऊक नव्हती, ते सुटले. गौरजा ओरोसला होती. दीपेश तर शेतात होता. चौदा जुलैला कॉलेजात असलेलं, पेज टिकावी म्हणून जीव टाकणारं, सदतीस वेगवेगळी अक्षरं काढू शकणारं माणूस हवं होतं.

पुढचा विचार मी तिथे केला नाही. घरी आलो.

चौदा जुलै मला आठवत होता. नीरजाची दोन उपचारांमधली सुट्टी चालू होती. "एक-दोन दिवस कॉलेजात जाऊन येते, उत्तरपत्रिका राहिल्यात," असं म्हणाली. मी तिला स्कूटरवरून फाटकाशी सोडलं आणि चारला आणायला गेलो. मागे बसल्यावर तिने माझ्या पाठीला डोकं टेकलं. घरी आली ती जेवली नाही, झोपलीच. मला वाटलं, उत्तरपत्रिका खूप असतील. पण जुलैत कसल्या उत्तरपत्रिका? तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी पर्स उतरवली. सहा पेनं काढून जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला एकेक रेघ ओढली. एक निळं, एक गडद निळं, एक काळं, एक बारीक, एक जाड, एक मधेच अडखळणारं. सहा पेनं, सहा तऱ्हेच्या रेघा.

सह्या करणारं माणूस मला सापडलं होतं. त्याच्याशी मी सत्तावीस वर्षं संसार केला होता.

५

पण मेलेलं माणूस गुरुवारी येऊन कपाट उघडत नाही. फाईल दुसऱ्या कुणीतरी नेली होती.

रविवारी सकाळी मी काशीबाईकडे गेलो. कॉलेजच्या मागेच तिचं घर. ती अंगणात कुळीथ वाळत घालत होती. मला पाहून तिने पदर सारखा केला आणि बसायला पाट दिला.

"भाई, च्याय घेतास?"

"नको. काशीबाय, त्यो तीन फायली खंय ठेवलंस?"

तिने कुळीथ पसरणं थांबवलं नाही. "कसल्यो फायली?"

"हिरव्यो."

"माका काय म्हायत? माका वाचूक येणा नाय."

"म्हणानच तुका इचारतंय. जेका वाचूक येता तो एक फाईल नेता. कबड्डीची कोण नेता? बाईच्या हातात तू हिरवी फाईल बघितलं होतंस. कपाटात हिरव्यो तीन गावल्यो. तिन्ही घेतलंस. गौरजाची बॅग तुझ्याच बाकावर होती."

तिचे हात थांबले. मग ती मटकन खाली बसली, कुळथातच.

"तो दीपेश पेज खाता-खाता सांगी होतो पोरांका," ती म्हणाली. "सोमवारी साहेब येतले, कागद बघतले, जेणा सही केल्यान तेका जेलात घालतले. माझ्या हातातली पळी पडली. भाई, बाई त्या दिवशी माझ्या चुलीकडेच बसान लिवी होती. पिशयेतसून एकेक पेन काढी, लिवी, दुसरा काढी. मी इचारलंय, बाई, आज ह्या काय? तर म्हणाली, काशीबाय, लावणी संपापर्यंत ही पोरा येवची नाय आणि उद्या शेवटची तारीख. ती आली असती तर तेंनी दिलीच असती, मी फक्त तेंच्या वतीन लिवतंय."

"दिलीच असती," मी म्हणालो.

"व्हय. असाच म्हणाली."

ती मला पेजेच्या खोलीत घेऊन गेली. तांदळाच्या पिंपात हात घालून तिने धुतलेल्या पंच्यात बांधलेलं गाठोडं काढलं. तिन्ही फाईली होत्या. कागद कोरडे होते.

"चुलीत घालूक काय झाला होता?" मी विचारलं. "कोणाक कळला नसता."

"बाईचा अक्षर ता," ती म्हणाली. "जाळू कशी?"

मी गाठोडं घेतलं. तिने माझा हात धरला. असं तिने आयुष्यात कधी केलं नसतं.

"भाई, बाईचा नाव काढू नकात. लोका काय म्हणतली? मी सांगतंय साहेबांका, मीच चोरलंय. माका काय करतले?"

"मगे ते इचारतले, कित्याक चोरलंस?"

तिने माझा हात सोडला. दिवसभर मी गाठोडं पुढ्यात घेऊन बसलो. सदतीस कागद काढून घेतले असते तर नोंदवहीशी मेळ बसला नसता, आणि वही गौरजाच्या हातची. फाईल गुपचूप परत ठेवली असती तर समितीने दीपेशला समोर बसवलं असतं, सही खोटी ठरली असती, आणि संमतीपत्रांखाली 'गोळा करणार' म्हणून नाव गौरजाचं होतं. ओरोसचा कागद तिने दाखवला नसता. शुक्रवारी मला कळलं होतं की ती पोरगी गप्प राहील. कुठूनही गेलं तरी दोघींपैकी एकीचं नाव जाणार होतं.

एकीला मी सत्तावीस वर्षं ओळखत होतो. दुसरीला मी तीनच दिवस जवळून पाहत होतो. हे लिहायला सोपं आहे, त्या दिवशी नव्हतं.

६

सोमवारी साडेदहाला मी फाईल सरांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"भाई, फाईल मिळाली, एवढंच सांगू. बाकीचं त्यांचं ते बघतील. बाईंचं नाव आपणहून कशाला? तुम्हाला त्रास."

"बाकीचं ते गौरजाला विचारतील."

सरांनी माझ्यासाठी पाण्याचा ग्लास भरला.

समितीत तिघं होती. अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, मी सांगत असताना त्यांनी एकदाही मधे तोडलं नाही. मी लावणीच्या हजेरीचंही सांगितलं, माझ्या काळातलं, माझ्या शिक्क्यापुरतं. काशीबाईने फाईल भीतीपोटी ठेवली होती आणि स्वतः परत दिली, असंही सांगितलं. मग त्यांनी जबाबाचा कागद पुढे केला. मी कारकून, जबाब कसा लिहायचा ते मला येतं. "वरील सदतीस सह्या माझी पत्नी सौ. नीरजा हिने केल्या आहेत," असं मी लिहिलं.

अध्यक्ष बाईंनी कागद वाचला आणि तो माझ्याकडे परत सरकवला.

"इथे 'कै.' लागेल," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

तीन महिन्यांत मी ते तिच्या नावापुढे कुठेच लिहिलं नव्हतं. बँकेतले कागद भाच्याने भरले होते. मी 'सौ.'च्या आधी ते लिहिलं आणि खाली सही केली.

नंतर त्यांनी त्या सदतीस जणांना बोलावलं. आलेले एकतीस होते. प्रत्येकाला विचारलं, सही तुझी का. सगळे नाही म्हणाले. दीपेश शेवटी होता.

"मॅडम, माझी नाही. पण आता विचारलंत तर आता देतो," तो म्हणाला. "हे सगळेच देतील. विचारा."

"मुदत पंधरा जुलैला संपली," अध्यक्ष बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुम्हाला विचारतील."

संमती निम्म्याच्या खाली गेली. महिनाअखेर परिषद बंद करायची, असा आदेश तिथेच झाला. अहवालात गौरजाचं नाव कुठेही येणार नाही, हे सरांनी माझ्यासमोर विचारून घेतलं. पोलिसांत तक्रार गेली नाही.

निघण्याआधी मी ते कागद एकदा बघायला मागितले. ते आता समितीकडेच राहणार होते. अध्यक्ष बाई स्वतः उठून खिडकीशी गेल्या आणि मला खुर्चीवर बसू दिलं. नीरजाने कुठलंच अक्षर दुसऱ्यासारखं येऊ दिलं नव्हतं. एक सही तिरकी, एक गोल, एकीखाली दोन टिंबं, एका मुलाचं नाव इंग्रजीत. शेवटच्या पाच-सहा कागदांवर मात्र सगळ्या रेघा खाली घसरत गेल्या होत्या. पेन बदललं तरी हात तोच होता आणि तो थकला होता.

बाहेर व्हरांड्यात गौरजा उभी होती. रडून तिचा चेहरा सुजला होता.

"काका, तुम्ही बाईंचं नाव दिलंत."

"तिनेच केलं होतं."

"मला त्यांनी पंधराला गठ्ठा दिला तेव्हाच कळलं होतं. मी काही बोलले नाही."

"मला तर चार वाजता स्कूटरवर बसवूनही कळलं नाही," मी म्हणालो. "तू पडताळणीचे कागद भर जा."

दीपेश थोडा लांब उभा होता. त्याला माझ्याशी बोलायचं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेलो. त्याचं काही चुकलं नव्हतं. विचारायला हवं होतं. नीरजाने मला विचारलं असतं, तर मी स्कूटर काढून त्या आठ गावांत गेलो असतो, बांधावर उभा राहून सदतीस सह्या आणल्या असत्या. पाऊस होता म्हणून तिने मला सांगितलं नसेल. किंवा मी तिला घरी झोपवून ठेवलं असतं, म्हणून.

पेजेच्या खोलीत काशीबाई भांडी उपडी घालत होती. तिला आदेश कळला होता. मी बाकावर बसलो. तिने न विचारता वाडगा पुढे ठेवला. एक गोष्ट मला विचारायची होती. ती कुठल्याच समितीने विचारली नसती.

"काशीबाय, त्या दिवशी बाईन काय खाल्ल्यान?"

तिने भांडं खाली ठेवलं.

"मी पेज वाढलंय, ती तशीच रवली. वरची निवळ तेवढी घोटभर घेतल्यान," ती म्हणाली. "आणि माका म्हणाली, घराकडे इचारल्यानी तर वाडगोभर खाल्ल्यान म्हणान सांग. नायतर ते उद्या माका सोडूचे नाय."

"मी इचारूक नाय तुका."

"नाय," काशीबाई म्हणाली. "मी वाट बघी होतंय."